विनिपेग, उणे चौतीस

हीटर अडकला तो चालूवरच.
पहाटे ओरेस्ट हाव्रिलुकनं हात घातला,
तर टाकीतला समुद्र
वाढून ठेवलेल्या सूपाइतका ऊन.
प्रवाळ पांढरं पडत चाललेलं,
कोळंबी उताणी.

बाहेर उणे चौतीस.
सपाता घालूनच तो अंगणात गेला,
ब्रेडच्या पिशव्यांत बर्फ कोंबला,
गाठी मारून पाण्यावर सोडला.
एक पिशवी फुटली.
आता खारटपणा मोजणं आलं,
मिठाची बादली, चष्मा,
चष्मा कुठे गेला
आणि तेवढ्यात पंप कुरकुरला, गप्प झाला.

मग हान्याची सूपाची पळी घेऊन
पाणी ढवळत बसला, उजाडेपर्यंत.

"तुझे उद्योग हे," तिच्या खुर्चीला म्हणाला,
"मला कुत्रा हवा होता."

केशरी मासा पळीमागून
एक वेढा घालून गेला.

त्यानं हात बदलला.