नेफा

टिळकपथावर रात्री अकराला शटरं पडली
की आमचं दुकान उघडतं.
दोन बॅरिकेड, एक पिवळा दिवा, धापा टाकणारा जनरेटर,
आणि डांबरावर खडूनं आखलेलं वर्तुळ,
जेवणाच्या ताटाएवढं.

"एवढंच?" लिंबाजी म्हणाला.
त्याच्या हाताला एकोणीस वर्षांची सवय,
गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंत
रस्ता उभा चिरायची.

मीही चिरलेत. खोटं कशाला बोलू.
पाण्यासाठी, केबलसाठी, एकदा तर
चुकीच्या गल्लीत, नकाशा उलटा धरून.
वरून माती लोटली, डांबर थापलं, बिल काढलं.
पण खाली आमची काळी माती,
ती थोडीच बिलावर सही करते?
उन्हात भेगाळते, पाण्यात फुगते,
आणि दिवाळीपर्यंत रस्त्यात लांबलचक घळ,
जिथं पोरीला शाळेत सोडणारा बाप
रोज ब्रेक दाबतो
आणि रोज आमच्या आईची आठवण काढतो.

फूटपाथवर अकीला आपा.
शिवणयंत्र साखळीनं शटरला बांधलेलं,
तरी राखणीला आलेली, शाल घेऊन.
"फिर खोदते क्या, मुकादम?"
तिचा आवाज आमच्या घणापेक्षा जड.

मी सांगू लागलो:
या टोकाला एक खड्डा, त्या टोकाला एक,
मधली एकशे दहा पावलं रस्ता झोपलेलाच राहणार.
जुन्या गंजक्या गॅसलाइनच्या पोटातून
नवी पिवळी नळी ओढून घ्यायची.
ही गोल भोकं फक्त घरांच्या जोडण्यांसाठी.
फेरोज वायररोप दाखवत होता, आकडा दाखवत होता.
तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"म्हणजे नाडी.
जुनी नाडी काढून टाकायची नाही,
तिच्याच शेपटाला नवी बांधायची
आणि ओढायची. नेफा उसवायचा नाही.
इत्ती सी बात के लिए इत्ता बडा मशीन?"

फेरोज हसला. मी हसलो नाही.
एकोणीस वर्षं आम्ही
नाडीसाठी अख्खा परकर फाडत होतो.

कटर फिरला. डांबराची वडी वर आली,
खाली खडीचे थर चिकटलेले.
कलिंगडवाला लाली दाखवायला खाप काढतो
आणि परत बसवतो, तसं करायचं होतं.
म्हणून वडीवर बाण काढला, तोंड गुलमंडीकडे.
बसवताना तोंड गुलमंडीकडेच.
मुरूम वीत वीत टाकला,
प्रत्येक वितीवर पाणी, प्रत्येक वितीवर धुम्मस.
लिंबाजीला घाई. मी म्हणालो, अजून मार.
अजून. इथं चुकलास तर वरची कारागिरी
पावडर लावलेलं गळू.

चार वाजता नळी त्या टोकाला निघाली,
चिखलानं माखलेली, नुकत्या जन्मल्या वासरासारखी,
आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सकाळी साहेबांना फोटो पाठवला.
साहेबांचा फोन: "हा तर नुसता रस्ता आहे.
काम कुठंय?"
काय सांगू.
एवढा मोठा रस्ता फोटोत आहे, साहेब,
तेच काम.

एक गोष्ट मात्र फोटोत खरंच नाही.
चौदा माणसं लागायची, आता पाच.
लिंबाजीचा धाकटा भाऊ ज्ञानोबा
त्या नऊ जणांत घरी बसला.
लिंबाजीनं मला बोलून दाखवलं नाही,
फक्त निघताना अंगठ्यानं
वर्तुळाची कड चाचपून पाहिली.
सापडली नाही. पुन्हा चाचपली.

दहा वाजता आपानं साखळी सोडली, यंत्र ओढलं,
आणि डाव्या मागच्या पायाखाली
रोजची पुठ्ठ्याची घडी सरकवली.
माझा चेहरा पडला असणार.
"तुमची नाही," ती म्हणाली,
"ही नळवाल्यांची. सात साल पुरानी."
दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं,
सुईत ओवलं,
आणि चाक फिरवलं.