पाच खडे

पाजूच्या स्टुडिओत फिल्न्योबाईंना आणलं,
गुनसानहून, बसने, वय अठ्ठ्याहत्तर,
नटांना खडे झेलायला शिकवायला.
माझ्याकडे प्रॉप्स. माझे खडे प्लास्टिकचे, गुलाबी.
बाईंनी ते हुंगले, परत दिले,
जाकिटातून स्वतःचे काढले, नदीतले.

एक उडवायचा, एक उचलायचा. मग दोन. मग तीन.
शेवटी पाचही हाताच्या पाठीवर,
तिथून हवेत, आणि मूठ.
"जितके मुठीत, तितकी वर्षं."
"कसली?"
"जगायची. गुण कुठे मोजायचो आम्ही!
एका दुपारी मी तीनशे वर्षं जगले,
भात करपला म्हणून मार खाल्ला."

दिग्दर्शकाला हे फार आवडलं.
लगेच लिहून घेतलं:
खडा पडला की गोळी.

बाईंनी विचारलं, "आणि कच्चं लिंबू कोण?
शेंबडं भावंड असतंच की एखादं,
ज्याच्यावर राज्य येत नाही."
पटकथेत तसं कुणी नव्हतं.

चौदा टेक. नव्वद जण मेले.
मग बस येईपर्यंत
लाल माखलेल्या सदऱ्यांनी गोल करून बसले,
किंबाप खात, खडे उडवत.
कपाळाला भोक पडलेली एक पोरगी किंचाळली,
"हात हलला तुझा! रडीचा डाव!"
बाई मधोमध, वर्षं मोजत:
अठरा, बावीस, एकतीस.

रात्री पेटीत खडे चारच.
सकाळी तोच सीन. मी फोन लावला.
पलीकडे टीव्ही चालू होता, भांडी वाजत होती.
"पाचवा ना?" बाई म्हणाल्या,
"तो कच्चं लिंबू.
मोजू नकोस त्याला."