भरून पावले

प्रश्न चौथा (ब): पूर्ततेने करार कसा संपतो?
उदाहरणासह स्पष्ट करा. गुण पाच.

करार पुष्कळ वाटांनी संपतो.
देवणीकर सर म्हणायचे, दोन ध्यानात ठेवा:
मोडून, आणि पाळून.
मोडलेल्याची कोर्टात फाइल होते,
पाळलेल्याचं नावही कुणी घेत नाही.

उदाहरण.
उदगीर, किल्ल्याच्या रस्त्याला
मौलासाब नद्दाफ, गादी कारखाना.
कारखाना म्हणजे एक पत्र्याचं शेड,
एक पिंजायचं यंत्र, आणि आम्ही.
मुलांच्या वसतिगृहाच्या चाळीस गाद्या,
सहा बाय अडीच, कापूस सात किलो, निळ्या पट्ट्याचं कापड,
पंधरा जून, सकाळी दहाच्या आत.
विसार चार हजार. बाकी माल पोचल्यावर.

सदतीस झाल्या होत्या.
अकरा जूनच्या दुपारी अब्बा कापसावर बसल्या बसल्या
आडवे झाले.
आम्हाला वाटलं, डोळा लागला.

कलमसुद्धा सदतीसच.
वचन देणारा गेला तर वचन वारसांवर येतं.
अपवाद असा की चित्रकाराने चित्र कबूल केलं आणि तो मेला,
तर त्याच्या पोराच्या हाती कुंचला देता येत नाही.
इथे मी हात वर केला होता.
सर, पिंजारी यात कुठे बसतो?
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
म्हणाले, समोरच्याला काय हवं होतं ते बघा.
गादी, की मौलासाबची गादी?

बिडवे सर, वसतिगृहाचे रेक्टर,
जियारतीच्या दिवशी चपला काढून अंगणातच उभे राहिले.
तीन राहू द्या म्हणाले. सदतीसचे पैसे घ्या.
तीन पोरं निजतील महिनाभर सतरंजीवर.
अम्मी पडद्याआडून एवढंच बोलली:
बोली चाळीसची हाय.

अम्मी इद्दतीत. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.
म्हणून यंत्र मी चालवलं,
पिंजलेला कापूस चादरीत बांधून घरात आणला.
तिने भरल्या, मी काठीने कोपरे ठोकले.
पहिली काट्यावर ठेवली: सहा किलो नऊशे.
तिने उसवली. शंभर ग्रॅम घातले. पुन्हा शिवली.
मी म्हटलं, शंभर ग्रॅम कोण मोजतंय?
ज्यानं लिहून दिलं, तो, म्हणाली.

पंधरा जून, नऊ वाजून चाळीस मिनिटं.
छोटा हत्ती वसतिगृहाच्या फाटकात.
बिडवे सरांनी चाळीस मोजल्या, दाबून पाहिल्या,
आणि कुठल्या तीन नंतरच्या ते त्यांना कळेना.
मला कळत होतं.
अब्बांचा शेवटचा टाका आत वळतो,
अम्मीचा बाहेर.
करारात टाक्याबद्दल काही नव्हतं.

मालाची पोच त्यांनी दिली, पैशाची पावती आम्ही द्यायची.
अंगठ्यासाठी पुस्तक घरी नेलं.
अब्बांच्या पावतीवर तळाशी छापलेलं असतं:
भरून पावलो.
मी लो खोडून ले केलं.
काय खोडलंस गं? अम्मीने विचारलं.
वाचून दाखवलं.
पुन्हा वाच म्हणाली.
मग अंगठा उठवला
आणि शाई कापसाला पुसली.

येणेप्रमाणे ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ठरल्या वजनाने
पूर्तता झाली आणि उभय पक्ष मोकळे झाले.
कुणी कुणाचं काही लागत नाही.
सव्वा किलो कापूस उरला.
त्याचं काय करायचं, हे कायद्यात दिलेलं नाही.

पाचपैकी तीन.
समासात, लाल शाईत:
उदाहरण लांबले.