मोड

सकाळी नऊला तांबट आळीत ठोके सुरू होतात.
मी डबा भरून निघते तेव्हा
अण्णांच्या मांडीत एका घंगाळाचा तळ असतो
आणि पायाशी गाठोडं:
कान तुटलेली कळशी, बंबाची तोटी,
'सौ. भागीरथी' इथवर नाव उरलेलं ताट.
भंगार म्हटलं की चिडतात.
"मोड आहे ती. वितळली की पुन्हा भांडं."

माझं काम पिंपळगाव रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत, बुरशीचं.
दिंडोरीच्या द्राक्षबागेतली काळी बुरशी, नमुना सतरा,
मोरचूद घातलेल्या बशीत जगायला नको होती.
आधीचे सोळा मेले.
ही आठवड्यात कडेपर्यंत पसरली,
आरामात, पंगतीतून उठल्यासारखी.

तिची अक्षरं वाचून आली.
चारच अक्षरं, तीन कोटींवर जागा,
काना नाही, मात्रा नाही.
आणि मध्येच एक लांबलचक मजकूर
परक्या हस्ताक्षरातला.
एका टोकाला स्वतःलाच उचलून नेण्याचं हत्यार,
पोटात बांधलेलं सामान:
पेशीतलं तांबं बाहेर उपसणारा एक रहाट.

काझी मॅडम म्हणाल्या, बुरशी असल्यांना सुखानं नांदू देत नाही.
काही जणी तर एकाच मजकुराच्या दोन प्रती दिसल्या
की दोन्हींवर खोडाखोड करतात,
अस्सल कुठली ते न बघता.
नाहीतर वरून कल्हई.
(कल्हई माझा शब्द. त्यांचा वेगळा होता,
पण आमच्या घरी तो कुणाला कळला नसता.)
अक्षर तिथंच, फक्त जिभेला लागत नाही.
कल्हई उडाली की आमटी कळकते.

ट्यूबलाइटवर पतंग आपटत होता.
दूरच्या एका धुराच्या देशात
फिकट पतंग काळे झाले, तेही असंच,
त्या म्हणाल्या. एक उडता तुकडा
एका जनुकात घुसून बसला,
आणि काजळलेल्या खोडावर पक्ष्यांना पंख दिसेनात.
तुकड्याला पक्षी ठाऊक नव्हते.
त्याला फक्त बसायला जागा हवी होती.

रविवारी अंजनेरीवर गेलो दगडफुलासाठी.
ना दगड, ना फूल.
बुरशी आणि शैवाल यांनी कातळावर मांडलेली चूल,
जी आई तेलात परतते आणि मसाल्यात कुटते
आणि म्हणते, काही चव नाही, पण नसलं की कळतं.
त्याच्याही अक्षरांत मोडच मोड:
उड्या मारून दमलेल्या प्रती,
हत्यार गंजलेल्या,
काही नुसत्या टोकाच्या खुणा.
एखादी मात्र शेजारच्या जनुकाचा दिवा
चालू-बंद करायच्या कामाला लागलेली.

मग मी एक गोष्ट न विचारता केली.
अण्णांच्या चिंचेच्या पाण्याच्या कुंडात,
जिथं ते पिढीजात भांडी उजळतात,
कापसाची काडी बुडवली.
तांब्यावर जगणारी बुरशी निघाली. हिरवट, वेगळ्याच जातीची.
आत तोच मजकूर.
लाखभर अक्षरांत फरक अकराचा.

कुणाकडून कुणाकडे?
बागेतून आळीत, की आळीतून बागेत,
की तिसऱ्याच कुठल्या उकिरड्यातून दोघींकडे?
मॅडम म्हणाल्या, दोन नमुन्यांवर काही बोलू नकोस.
तरी मी रात्री अण्णांना सांगितलं.

ते बराच वेळ गप्प.
"माझ्या कुंडात?"
हो.
"किती वर्षं झाली असतील त्याला?"
ठाऊक नाही, म्हटलं. आपल्या आडनावाहून नक्की जुना.
"मग कुंड धुवायचं नाही का आता?"
धुवा की, म्हटलं. त्याला काही फरक पडत नाही.

त्यांनी घंगाळ उजेडाकडे वळवलं.
काठावर ठिपक्या-ठिपक्यांचं एक नाव,
त्याखाली अर्धवट घासलेलं दुसरं, आधीचं.
मला वाटलं, कानस घेतील.
अंगठ्यानं दोन्हींवरून हात फिरवला.
"राहू दे," म्हणाले. "जास्त घासलं तर पत्रा पातळ होतो."
आणि हातोडी शोधू लागले,
जी त्यांच्याच मांडीखाली होती.