सांधा

कोशित्सेच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मी काचपट्ट्या वाचते.
आज भिंगाखाली ओंद्रेय ह्रिव्न्याक यांचं आतडं,
चार मायक्रॉन जाडीचं.
एकदा भेटलेत. मोठे कान, खिशात सूर्यफुलाच्या बिया.
चिएर्नाच्या सरहद्दीवर बत्तीस वर्षं सांधेवाले होते,
जिथे रुंद रूळ संपतात
आणि अरुंद सुरू होतात.

तपकिरी रंग म्हणजे पेशीनं पेशीला धरलेलं आहे.
मधोमध तपकिरीच तपकिरी,
लग्नातल्या फोटोसारखी दाटी.
काठाकडे रंग विटत जातो,
आणि अगदी टोकाला तीन-चार जणी
फिकट, लांबुडक्या,
कुणाचाच हात न धरता.

गाठीची आणि यकृतातल्या डागाची
अक्षरं आम्ही ताडून पाहिली.
चुका होत्या, पण दोन्हीकडे त्याच.
कानामात्रेचा फरक नाही.
फक्त वाटेत कधीतरी एक पान मिटलं होतं,
ज्यावर लिहिलं होतं: धरून राहा.
मिटणाऱ्या प्रथिनाचं नाव गोगलगाय.
खरंच. कुणा संशोधकानं ठेवलेलं.
पोटात पाय.

हे त्यांना सांगताना मी अडखळले.
ते म्हणाले, म्हणजे रूळ तेच,
सांधा फिरवला.
हो, मी म्हटलं.
गाडीला काय कळतं, डॉक्टर,
ती आपली पुढ्यातल्या रुळावर जाते.

मग मी न विचारलेलंही सांगितलं:
रक्तातून यकृतात उतरलेली पेशी
तिथे सांधा पुन्हा पहिल्यासारखा करते.
मिटलेलं पान उघडतं.
शेजारणीचा हात धरते,
आणि त्या परक्या अवयवात
आतड्याच्याच नळ्या बांधायला घेते,
जुन्या सवयीनं,
जिथे पचवायला काही येणार नाही.

बराच वेळ ते बिया सोलत बसले.
टरफलं रुमालात, एकही खाली नाही.
आमच्याकडे वही असायची, म्हणाले,
सांधा फिरवला की वेळ आणि सही.
दर खेपेला. बर्फ पडत असला तरी.
यात सही कुणाची?

माझ्याकडे पाच-सहा नावं होती,
सगळी एकमेकांकडे बोट दाखवणारी.
सूज. जवळच्या पेशींचे निरोप. कमी पडलेला प्राणवायू.
मी त्यातलं एकही घेतलं नाही.

खिडकीबाहेर ट्राम वळली, चाकं किंचाळली,
त्यांचे कान तिकडे गेले.
तेल हवंय तिथे, म्हणाले.

मग औषधाच्या संमतीपत्रावर सही केली
आणि शेजारी, कुणी न मागता,
वेळ लिहिली:
चौदा वाजून वीस.