अक्षरामागे दर

मी सदस्य नव्हतो.
माझ्याकडे कॉफीचं एकही झाड नव्हतं,
दोन ब्रश होते, एक शिडी,
आणि किलिमांजारोच्या उतारावर सासऱ्याच्या केळीत
उभं राहण्यापुरती सावली.
पाटीचा दर अक्षरामागे ठरला.

पहिली पाटी निळ्यावर पांढरी.
संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, शेवटी ‘मर्यादित’.
टेमूला विचारलं, मर्यादित म्हणजे?
तो वजनाच्या खिडकीत,
काटा थरथरून थांबेपर्यंत बोलायचा नाही.
मग म्हणाला, संस्था बुडाली तरी तुझं घर बुडत नाही.
शब्द आवडला. मी तो जरा मोठा काढला.

मग राजधानीतून कागद आला.
एका कलमात संस्था संपली:
आता गाव हीच संस्था.
मी पाटीवर चुना फासला.
पुसण्याला अक्षरामागे पैसे मिळत नाहीत,
हे त्या दिवशी कळलं.
आणि त्याच दुपारी मी सदस्य झालो!
अर्ज नाही, भाग नाही, अंगठासुद्धा नाही.
गावात राहतो म्हणून.
पाळण्यातली पोरंही झाली,
ओढ्यापलीकडचा बहिरा किशाओ झाला,
त्याला तर कुणी सांगितलंही नाही.

टेमूच्या जागी जिल्ह्यानं पाठवलेला पोरगा.
काटा थांबायच्या आत आकडा लिहायचा.
पोती डोंगर उतरत,
पैसे चढताना दमत.
कॉफीचं झाड तोडायला कायद्यानं बंदी होती,
म्हणून कुणी तोडलं नाही.
फक्त छाटणी विसरली,
मधे टोमॅटो लावले.

अनाएलीच्या पासबुकात, क्रमांक तीनशे बारा,
सत्तर किलोंचा दुसरा हप्ता बाकी होता.
ती मोशीला गेली, दोन बस बदलून.
कारकून म्हणाला,
मालमत्ता वर्ग झाली, आई.
देणं वर्ग झाल्याचं इथं लिहिलेलं नाही.
छप्पर वर्ग झालं?
झालं.
काटा?
झाला.
लॉरी?
तीही.
मग माझे सत्तर किलो तेवढे कुठे राहिले?
कारकुनानं चहा मागवला.

काही वर्षांनी दुसरा कागद: संस्था पुन्हा असावी.
मी चुना खरवडला.
आतून निळा निघाला, ‘मर्यादित’ निघालं,
क्रमांक मात्र नवा घालायचा होता.
जुना क्रमांक गेला, त्याच्याबरोबर जुनी येणी गेली,
एवढं कलम सगळ्यांना पाठ होतं.

तिसऱ्या कागदानं बाजार खुला केला.
व्यापाऱ्याची लॉरी थेट बांधाशी,
नोटा हातावर, पाटी लागतच नव्हती.
खिडकीपुढची रांग एका हंगामात संपली.
दोष कुणाला देऊ?
अनाएलीही गेली. मीठ आणलं, रॉकेल,
नातवाची फी भरली, उरल्यात मला केळ्याची दारू पाजली.
पुढच्या वर्षी भाव पडले.
लॉरी आली नाही.
तिनं यायलाच हवं, असं कुठल्या कलमात होतं?

परवा गोदामात सातजण बसले होते.
नवा कायदा आलाय, चौथा की पाचवा,
शाळेतला कीविया मोठ्यानं वाचत होता.
अनाएली आता नीट बघू शकत नाही.
प्रत्येक कलमाला ती काठी आपटायची:
थांब.
हे आपण करू शकतो,
की करावंच लागतं?
कीविया परत मागे जाऊन वाचायचा.
‘शकतो’ला ती बोट दुमडायची.
संध्याकाळपर्यंत एका हाताची
चारच बोटं दुमडली.
चार पुष्कळ आहेत, म्हणाली,
अंगठा मतदानाला राहू दे.

मी बाहेर शिडीवर.
आता माझी चाळीस रोपं आहेत, कमरेएवढी,
अर्ज भरलाय, भागाचे पैसे अर्धे दिलेत.
खालून तिनं विचारलं, एलिनामी,
सभेची तारीख पाटीवर मावेल का?
तारखा दरवर्षी बदलतात, आई, म्हटलं.
मग दरवर्षी चढ, म्हणाली.
आणि दर?

ती आत गेली होती.
कुणीतरी जुना काटा पुसत होतं,
रिकाम्या पारड्यावरही तो
बराच वेळ थरथरत राहिला.