हरळी

पहाटे साडेपाचला किटली दार खरवडते.
हे तिचं रोजचं खरवडणं नाही, घाईचं आहे,
म्हणून पायात सापडेल ती चप्पल
(एक माझी, एक अण्णांची)
आणि आम्ही मेरीच्या क्वार्टर्समागं,
जिथं पंपहाऊसचा नळ गळतो
आणि डिसेंबरातही हरळी हिरवी असते.

गाजरगवताला ती तोंड लावत नाही.
कुंदा हुंगते, सोडते.
हरळीचंच पातं धरते दाढेत, मान वाकडी करून,
गायीसारखं नाही,
जुनी बिलं तपासणाऱ्या कारकुनासारखं,
एकेक.

मग चार पावलं. मग पाठीची कमान.
विहिरीवरचं इंजिन
सुरू होता होता बंद पडावं तसा आवाज,
आणि फरशीवर पिवळा फेस,
त्यात पाती, जशी गिळली तशी.
ती त्याकडं एकदा बघते
आणि शेपूट हलवत पुढं निघते.

गायधनी काकू चतुर्थीच्या दूर्वा खुडायला
त्याच तुकड्यावर येतात.
"हिला म्हणावं, माझ्या एकवीस जुड्या होईस्तोवर दम धर."
मग म्हणतात, कुत्र्यानं गवत खाल्लं की पाऊस येतो.
आला नाही, मी म्हणतो.
आला असेल पेठकडं, काकू म्हणतात.

पेपरवाला म्हणतो, जंत.
वॉचमन म्हणतो, पोट साफ करतंय,
मुकं जनावर, त्याला सगळं कळतं.
मला वॉचमनचं पटतं. मला ते पटायला हवं असतं.

रविवारी अण्णा मोरीत उभे राहायचे.
कोमट पाणी, मीठ, तांब्यावर तांब्या,
मग दोन बोटं घशात.
वमनधौती, म्हणायचे,
एखादी पदवी सांगावी तसं.
आई मिक्सर लावायची, रिकामाच.
आम्ही भावंडं पोह्यातले शेंगदाणे मोजत बसायचो.
बाहेर यायचे तेव्हा डोळे लाल,
चेहरा धुतलेला, जवळजवळ खूश.
"झालं," म्हणायचे.
काय ते आम्ही कधी विचारलं नाही.

एकतीस वर्षं त्यांनी धरणांची माती तपासली.
पिशवीवर नंबर, चाळणी, भट्टी, वजन,
किती पाणी धरते, किती दाबाला सरकते.
प्रत्येक नमुन्याखाली निष्कर्ष, आणि सही.
निवृत्त झाल्यावर किटली आणली
आणि वही आखली.

वही मला दिवसकार्यानंतर सापडली, गव्हाच्या कोठीवर.
तारीख. ठिकाण. पाती अंदाजे. उलटी: होय/नाही.
दोनशे बारा नोंदी,
शेवटच्या पानावर अक्षर उतरत गेलेलं.

ती घेऊन मी पिंगळे मॅडमकडं गेलो,
किटली एका हातात, वही दुसऱ्या.
मॅडमनी आधी वही तपासली.
"होय फक्त सत्तेचाळीस," म्हणाल्या,
"बाकी वेळा खाल्लं आणि पचवलं.
आपल्या लक्षात उलटीच राहते."
मग का खातात?
"नक्की कुणालाच माहीत नाही.
आजारी असतातच असं नाही.
कदाचित आवडत असेल."
आणि चष्मा काढत,
"द्राक्षबागेच्या बांधावरचं मात्र खाऊ देऊ नका,
तिथं फवारा असतो."
फी घेतली नाही. वही परत देताना
तिच्यावरचा केस झटकला.

आवडत असेल.
हे मी दिंडोरी रोडभर घोळवत आलो.
मीठ, कोमट पाणी, दोन बोटं. आवडत असेल?
सिग्नलला किटलीनं माझा कोपर चाटला.

आज पहाटे ती खात होती तेव्हा
मी उकिडवा बसलो
आणि काकू नाहीत असं बघून
एक काडी तोडली, पेराशी चावली.
आधी धूळ. मग कडवट काहीतरी.
मग अगदी शेवटी, पेरापाशी,
गोड. जेमतेम.

घरी येऊन लिहिलं:
पंपहाऊसमागं. किटली, दहा-बारा पाती, नाही.
खालच्या ओळीत: मी, एक. नाही.
निष्कर्षाचा रकाना अण्णांनी आखलाच आहे,
वहीभर, पट्टीनं, दुहेरी रेघ मारून.
दोनशे बारा वेळा कोरा.
मी पेनाला टोपण लावलं.